घारी, घाऱ्या आणि कुंदाताई

टेकडीवर फिरायला येणाऱ्या माणसाला आकाशात पंख पसरलेलं काहीही दिसलं, की तो गरुडच आहे अशी त्याची खात्री असते. ही खात्री मोडून काढणं हे कुंदाताईंनी निवृत्तीनंतर आपलं काम मानलं होतं. ते त्यांनी वर्षानुवर्षं, विनामूल्य आणि कुणीही सांगितलेलं नसताना केलं.

माझी खात्री त्यांनी पहिल्याच भेटीत मोडली. डॉक्टरांनी साखरेवरून दम भरल्यामुळे मी नुकताच टेकडी चढायला लागलो होतो. कोथरूडच्या बाजूने वर आलं, की गिरिपुष्पाचं रान संपतं तिथे एक खडकाळ सपाटी लागते. तिच्या एका अंगाला पाण्याच्या टाक्या आणि गच्च्यांचं शहर, दुसऱ्या अंगाला झाडांनी भरून गेलेली जुनी दगडखाण. तिथे धापा टाकत उभा होतो, तेवढ्यात डोक्यावर एक मोठा पक्षी तरंगताना दिसला आणि मी ओरडलो, "अरे, गरुड!"

"घार आहे," असा मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर घडीच्या स्टुलावर एक बुटक्या बाई बसल्या होत्या. अंगात पुरुषी स्वेटर, डोक्याला मफलर, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. त्या वर बघत नव्हत्या. संत्रं सोलत होत्या.

"तुम्ही तर बघितलंसुद्धा नाही," मी म्हणालो.

"बघायचं काय त्यात? तुमच्या आवाजावरून कळलं. खात्री असलेला माणूस एवढा ओरडत नाही." मग संत्र्याची एक फोड माझ्यापुढे करून म्हणाल्या, "शेपटीला खाच आहे का बघा. आहे? मग घार. विषय संपला. आपण काय करता?"

"गणिताचे क्लास घेतो. इथेच, कर्वेनगरला."

"अरेरे," त्या म्हणाल्या. ते गणिताबद्दल होतं की कर्वेनगरबद्दल, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

कुंदाताई जोगदेव टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल ही गोष्ट नाहीशी होऊन जमाना झाला, खातं बदललं, त्या निवृत्त झाल्या. पण ड्युटी काही संपली नव्हती. कानाला हेडफोन लावून काढलेल्या वर्षांमुळे त्यांची मान कायमची थोडी डावीकडे कललेली असे. त्यामुळे त्या प्रत्येकाकडे जरा संशयाने बघताहेत असं वाटायचं, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं. त्या सपाटीला टेकडीवरचे सगळे लोक 'एक्स्चेंज' म्हणत. नवख्या माणसाला हा शेअरबाजाराचा काही प्रकार वाटे. तो उत्साहाने येई आणि शिक्रा नावाचा छोटा शिकारी पक्षी बघून परत जाई.

त्यांची भाषाही तिकडचीच. आकाश रिकामं असलं, की "लाईन डेड आहे." दोन पक्षी एकमेकांना आडवे गेले आणि कुठला कुठला ते कळेना, की "क्रॉस कनेक्शन." शिक्रा झाडात शिरून दिसेनासा झाला, की त्या हात वर करून सगळ्यांना थोपवत, "कुणी हलू नका, लाईनवर राहा." आम्ही पुण्यातली पोक्त माणसं, एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारी, पाय मुंगावेपर्यंत लाईनवर राहत असू. दुर्बीण एकच, त्यांची. ती प्रत्येकाला तीन मिनिटं मिळायची. वेळ झाली, की कानाशी तो खात्यातला कोरडा, सुरेल आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली, कॉल वाढवायचाय का?" आपण हो म्हटलं तरी त्या दुर्बीण काढून घेत. मग विचारत कशाला, असं एकदा मी म्हणालो. "विचारणं हा नियम होता," त्या म्हणाल्या.

एकदा आयटीतला एक मुलगा आला. कानात बोंडं, हातात थंड कॉफीचा ग्लास. वर बोट दाखवून म्हणाला, "आँटी, तो ईगल आहे ना?"

"काईट," कुंदाताई म्हणाल्या.

मुलगा बराच वेळ मांजा शोधत होता. शेवटी म्हणाला, "पण उडवतंय कोण?"

"ज्याने तुम्हाला पाठवलं तोच," ताई म्हणाल्या आणि त्याला तीन मिनिटं दुर्बीण दिली. तो पुढच्या रविवारी आपल्या मैत्रिणीला घेऊन आला आणि तिला "दॅट्स अ काईट, बेबी, फोर्क्ड टेल" असं समजावू लागला. ताईंच्या चेहऱ्यावरचं त्या वेळचं समाधान मी पाहिलंय. एक माणूस सुधारला, की त्यांचा आठवडा चांगला जायचा.

न सुधारलेला माणूस एकच होता, तो म्हणजे ससाणे. मार्केट यार्डात त्यांची भोपळ्या-काकडीची आडत. गाळा मुलांच्या ताब्यात देऊन तेही डॉक्टरच्या धाकाने टेकडीवर येऊ लागले होते. आवाज लिलावातला, त्यामुळे ते गिरिपुष्पाच्या रानात शिरले, की पक्षी खाणीपलीकडे जात. आडनाव ससाणे, पण ससाणा आणि पारवा यातला फरक त्यांना ठाऊक नव्हता आणि हवाही नव्हता. "उडतंय ना? मग झालं," हे त्यांचं पक्षिशास्त्र. ते आणि कुंदाताई रोज भांडत, आणि एखाद्या दिवशी एक आला नाही तर दुसरा बेचैन होऊन विचारी, "आज आमचं गिऱ्हाईक कुठाय?"

आता घाऱ्यांचं प्रकरण सांगायला हवं. थंडीत खाणीतल्या निलगिरींवर घारींचा मोठा थवा मुक्कामाला येतो. उजाडलं, की तो सगळा एकदम उठतो. तो देखावा आम्ही सगळ्यांनी बघावा असं ताईंच्या मनात आलं आणि त्यांनी 'टेकडी मित्रमंडळ' या आमच्या ग्रुपवर निरोप टाकला. आता एक घार, अनेक घारी. आणि भोपळ्याच्या गोड पुरीची एक घारी, अनेक घाऱ्या. मराठीने ही व्यवस्था करताना कुंदाताईंचा फोन लक्षात घेतला नव्हता. त्या फोनने 'घारी' पुसून पुढचा शब्द आपल्या मनाने बसवला, आणि ग्रुपवर आलं ते असं: "रविवारी सकाळी साडेसहाला एक्स्चेंजवर भरपूर घाऱ्या. सर्वांनी अवश्य यावे. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणार नाहीत."

एवढी उपस्थिती टेकडीने कधी पाहिली नसेल. जे लोक एरवी गुडघे दुखतात म्हणून पायथ्याच्या बाकावर बसतात, ते अंधारात काठ्या टेकत वर आले होते. प्रधानकाकू लिंबाचं लोणचं घेऊन आल्या होत्या. कुणी साजूक तुपाची वाटी सांभाळत आणली होती. ससाण्यांच्या हातात मोठा स्टीलचा डबा होता, रिकामा. कुंदाताई आमच्याकडे पाठ करून दुर्बिणीतून खाणीकडे बघत होत्या. गर्दी बघून त्यांचा ऊर भरून आल्याचं पाठीवरूनसुद्धा कळत होतं.

"रंग कसा आलाय हो?" प्रधानकाकूंनी हळूच विचारलं.

"मातकट," ताई म्हणाल्या. "लोक काळ्या म्हणतात, पण ऊन पडलं की तांबूस दिसतात."

"जरा करपल्या असतील," काकू शेजारणीला समजुतीने म्हणाल्या. मग पुन्हा ताईंना, "किती आहेत?"

"चाळीसेक तरी असतील."

माणसं मोजून झाली. "म्हणजे प्रत्येकी दोनच," कुणीतरी कुरकुरलं.

"म्हंजी कुठं हायती पर?" ससाण्यांनी विचारलं.

"वर बघा, वर! उठल्या!"

ससाण्यांनी वर बघितलं. हातातला डबा त्यांनी नकळत पुढे केला. "वरनं टाकनार हायत व्हय?"

त्या वेळी चाळीसेक घारी खाणीतून एकदम उठल्या होत्या आणि गुलाबी आकाशात गोल गोल चढत होत्या. अतिशय सुंदर दृश्य होतं. ते फक्त कुंदाताईंनी पाहिलं. बाकीचे लोक त्यांच्या स्टुलाखाली डबे शोधत होते.

प्रकार उघड झाला तेव्हा ताईंनी आपला फोन काढला, स्वतःचा निरोप दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मी घारी लिहिलं होतं. याने घाऱ्या केलं."

"एक घारी बी चालली असती," ससाणे म्हणाले, आणि रिकामा डबा वाजवत खाली उतरले.

पण माणूस दिलदार. शनिवारी त्यांच्या गाळ्यावरून ताईंच्या घरी एक भोपळा आला. तो दारातून आत घेताना चप्पल-स्टँड हलवावा लागला म्हणे. त्या रविवारी एक्स्चेंजवर खऱ्या घाऱ्या झाल्या. मी साखरेमुळे नुसता वास घेत उभा होतो, त्यामुळे पुढचं मला नीट दिसलं. ससाणे एक घारी हातात धरून, बाजाराच्या आवाजात, "आता ह्याला म्हंत्यात घारी!" असं सगळ्यांना सांगत होते. हात उंच होता. मागून एक सावली आली, फडफड झाली आणि हात रिकामा. ससाण्यांनी पहिल्यांदा बोटं मोजली. मग वर बघितलं. घार पाय वाकवून, उडता उडता गुळाचा घास घेत होती.

कुंदाताईंनी डोळे मिटले, मान कलती केली आणि म्हणाल्या, "घारीनं घारी नेली. वा."

मला त्या फार आवडायच्या, हे सांगून टाकलेलं बरं. समोर बसून आम्हाला मूर्ख ठरवत, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो, ते काही फक्त पक्ष्यांसाठी नव्हे.

पुढच्या मार्गशीर्षात ते घडलं. त्या दिवशी ससाण्यांच्या नातवाचं बारसं होतं आणि टेकडीवरची सगळी मंडळी तिकडे होती. ताईंनाही बोलावणं होतंच. "ड्युटी संपवून येते," असं त्या म्हणाल्या होत्या. हॉल गच्च भरलेला. पाळणा झाला, आत्या बाळाच्या कानाशी वाकली, कुर्रर्र झालं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, आणि गुरुजींनी मोठ्यांदा विचारलं, "काय ठेवलं नाव?"

सगळे गप्प झाले. त्याच क्षणी दारातून, कॅनव्हासच्या बुटांसकट, धापा टाकत, टिपेच्या आवाजात उत्तर आलं, "सर्पगरुड!"

गुरुजींनी "वा, वा" म्हणून टाळीही वाजवली. मुलाच्या आईने हंबरडा फोडला. कुंदाताई माणसांमधून वाट काढत थेट ससाण्यांपुढे येऊन उभ्या राहिल्या. मफलर सुटलेला, डोळे चमकत होते. "अहो, सर्पगरुड! खाणीत, वाळक्या फांदीवर बसला होता! पिवळा चेहरा, डोक्यावर काळा तुरा. शीळ घातली त्याने, दोनदा! एवढी वर्षं वाट बघत होते मी!"

बारशातल्या चार-पाचशे लोकांपुढे नातवाचं नाव गेलेलं. ससाण्यांनी डोळे बारीक केले आणि शांतपणे म्हणाले, "घार असंल."

हॉलभर हशा झाला. त्यात मीही हसलो, सगळेच हसले. इतक्या वर्षांत ताईंनी आमच्या प्रत्येकाच्या गरुडाची घार केली होती, त्याची फिट्टंफाट झाल्यासारखं वाटलं. ताई मात्र हसल्या नाहीत. पेढा हातात घेतला, तो रुमालात बांधला आणि निघून गेल्या.

ते वाक्य टेकडीभर झालं. दुसऱ्या दिवसापासून जो तो येता-जाता, "काय ताई, आज गरुड की घार?" असं विचारी. तसं बघितलं तर एका पक्ष्याचा प्रश्न. पण त्यांना तो जिव्हारी लागला होता. एकदा आम्ही दोघेच होतो तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, खात्यात आमचा एक नियम होता. लाईनवर जे ऐकाल ते कुणाला सांगायचं नाही. लोकांची लग्नं जमलेली ऐकली, मोडलेली ऐकली, माणसं गेलेली ऐकली. सगळं गिळलं. आता आयुष्यात पहिल्यांदा माझी स्वतःची काहीतरी बातमी होती हो. तर सांगितली आणि कुणाला खरी वाटली नाही."

मी म्हणालो, "मला खरं वाटतं, ताई."

"तुम्ही चांगले आहात म्हणून वाटतं. तसं नकोय. मला साक्षीदार पाहिजे. न मानणारा."

न मानणारा म्हणजे कोण, ते दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी आमच्या पाळ्या लावल्या. ट्रंक कॉल बुक करावा तशा आदल्या दिवशी फोन करून त्या माणूस बुक करत. रोज एक जण त्यांच्या शेजारी खाणीकडे तोंड करून बसे. ससाण्यांच्या पाळ्या सर्वांत जास्त. ते बसतही, पण शिक्षा झाल्यासारखे. मध्येच फोनवर गाळ्यावरचे भाव विचारत, मध्येच घोरत. नुसत्या घारीच येत राहिल्या. "ह्यो बगा आला तुमचा," ससाणे म्हणत, आणि ताईंना आपल्याच तोंडाने "घार आहे" म्हणावं लागे. ते ऐकायलाच ते येतात की काय, अशी मला शंका होती.

त्यात ताईंचे गुडघे गेले. त्यांची मुलगी मीनल बंगळूरला असते; ती आली, डॉक्टरांना भेटली आणि तिने जाहीर केलं, की होळीनंतर आई आपल्याबरोबर येणार. चढणं बंद. ताईंनी बराच वाद घातला. शेवटी हरल्या. "तिकडेही घारी असतात, आई," मीनल म्हणाली. "घारी कुठेही असतात," ताई म्हणाल्या.

शेवटच्या रविवारी आम्ही सगळे वर जमलो. मीनलचा आधार असूनही ताईंना चढायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. अर्ध्या वाटेवर ससाण्यांनी त्यांचं स्टूल काढून घेतलं आणि स्वतः धरलं. निरोपाची भाषणं होऊ नयेत अशी ताईंची सक्त ताकीद होती, म्हणून प्रधानकाकूंनी भाषण केलं. ते चालू असताना मी ताईंकडे बघत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. मान नेहमीपेक्षा जास्त कलली होती.

"श्श्," त्या म्हणाल्या.

मला काही ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नाही. मग खाणीतून, खोलवरून, एक लांब शीळ आली. ताईंनी गळ्यातली दुर्बीण काढली. मला वाटलं, डोळ्यांना लावतील. त्यांनी ती ससाण्यांच्या गळ्यात घातली. पट्टा त्यांच्या कानाला अडकला.

"अवं, काय करताय!"

"समोर. वाळकी फांदी. बघा लवकर."

"लई बारीक दिसतंय."

"उलटी धरलीत."

ससाण्यांनी दुर्बीण सुलट केली. ती इकडे फिरली, तिकडे फिरली, मग थांबली. आम्हाला नुसत्या डोळ्यांनी फांदीवर एक गडद ठिपका तेवढा दिसत होता. ससाण्यांचं तोंड हळूहळू उघडलं.

"त्वांड पिवळं हाय," ते म्हणाले. "डोक्यावर केसं. आन्... अवं, माज्याकडंच बघतंय की हे! हेडमास्तरवानी!" मग तो ठिपका पंख उघडून उडाला, आणि पंखांखालचा रुंद पांढरा पट्टा आम्हा सगळ्यांना दिसला. ससाणे त्याच्याबरोबर वळत वळत गेले, मागे प्रधानकाकूंच्या पायावर पाय दिला, तरी दुर्बीण खाली केली नाही. "ताई, ही घार न्हाई. आईशप्पत न्हाई. हे येगळंच हाय!"

त्यांनी तिथूनच बायकोला फोन लावला, आणि सवयीने स्पीकरवर. "अगं, गरुड बघितला! सर्पगरुड! म्या सोताच्या डोळ्यांनी!"

"बरं," पलीकडून आवाज आला. "येताना कोथिंबीर आणा."

"अगं, खरंच सांगतुया!"

"दोन जुड्या." फोन बंद झाला.

ससाणे फोनकडे बघत राहिले. एवढा मोठा माणूस, पार रडकुंडीला आला होता. "हिला खरं वाटंना, ताई."

कुंदाताई हसायला लागल्या. मफलर तोंडाशी धरून, स्टूल हलेपर्यंत हसल्या. बारशानंतर पहिल्यांदाच त्यांना असं हसताना बघत होतो. ससाण्यांना आधी राग आला, मग कळलं, मग तेही हसले, आणि मान खाली घालून म्हणाले, "चुकलंच माजं."

उतरताना मी ताईंच्या बरोबर होतो. न राहवून विचारलं, "ताई, तुम्ही स्वतः नाही बघितलात. दुर्बीण दिलीत ती दिलीतच. आता पुन्हा कधी दिसणार?"

"मी बघितला होता की. मागेच," त्या म्हणाल्या. "आज मला ससाण्यांचा चेहरा बघायचा होता. तो नीट दिसला. अगदी जवळून."

गिरिपुष्पाच्या रानापाशी वाट अरुंद होते. तिथे त्या पुढे झाल्या, एक हात मीनलच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. तेवढ्यात डोक्यावरून मोठी सावली सरकली. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. ससाणे गळ्यातली दुर्बीण चाचपू लागले, प्रधानकाकू शेपटीवरून वाद घालू लागल्या, मी टाचा उंचावून फांद्यांमधून बघत राहिलो. थोड्या वेळाने लक्षात आलं, की ताई थांबल्याच नव्हत्या. वर न बघता, पायाखालचे दगड सांभाळत, त्या बऱ्याच खाली पोचल्या होत्या.